हेलपाटा टाळायचा तर : मोठ्या रुग्णालयात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

गावाकडून फोन येतो तो साधारण असा : "दादरला उतरलोय, पेशंट बरोबर आहे, आता कुठं यायचं?" घड्याळात साडेनऊ वाजलेले असतात, कारण गाडी लेट होती. त्यात तो मंगळवार असतो आणि ज्यांना दाखवायचं त्या डॉक्टरांची ओपीडी सोमवारी आणि गुरुवारी. म्हणजे गुरुवारपर्यंत सगळ्यांचा मुक्काम आमच्या दीड खोलीत.

मी लालबागला राहतो. केईएम, टाटा, वाडिया ही परळची सगळी रुग्णालयं पायी अंतरावर. त्यामुळे नात्यातलं, भावकीतलं, कधी कधी नुसतंच गाववाल्याच्या ओळखीचं कुणी आजारी पडलं की बरोबर जाण्याचं काम माझ्याकडे. इतक्या वर्षांत इतक्या रांगा पाहिल्या की एक गोष्ट पक्की कळली. रुग्णालयात काही ठिकाणी वेळ पाळायची असते आणि काही ठिकाणी वाट पाहायची असते. आपली माणसं नेमकं उलटं करतात. खिडकीवर उशिरा पोचतात आणि डॉक्टरांच्या दाराशी घाई करतात.

खाली लिहिलंय ते मुख्यतः पालिकेच्या आणि सरकारी मोठ्या रुग्णालयांबद्दल : मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून. खासगी दवाखान्याचं पुढे थोडक्यात.

निघण्याआधी : वार विचारा

मोठ्या रुग्णालयात एका विभागाची अनेक युनिटं, म्हणजे डॉक्टरांचे गट, असतात. मेडिसिनची वेगळी, सर्जरीची वेगळी, हाडांची वेगळी. प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. बाकीच्या दिवशी तेच डॉक्टर ऑपरेशन करतात, वॉर्ड बघतात, नाहीतर इमर्जन्सी सांभाळतात. पेशंट नवा असेल तर त्या दिवशी ज्या युनिटची ओपीडी असेल तिथे त्याला पाठवतात आणि तिथून पुढे तो त्या युनिटचाच. पेशंट जुना असेल तर त्याने आपल्या युनिटच्याच वारी जायचं. दुसऱ्या वारी गेलात तर हात हलवत परत. तिथला डॉक्टर वाईट असतो म्हणून नव्हे, तुमचा आजार आणि आधीचे उपचार त्याला ठाऊक नसतात म्हणून.

हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा विशेष विभागांचे वार तर आणखी मोजके. गावच्या डॉक्टरांनी "मुंबईला दाखवा" म्हटलं की त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या, आणि नेमकं कुठल्या विभागात दाखवायचं हे त्यांनाच चिठ्ठीवर लिहायला सांगा. रुग्णालयाचा फोन लागला तर उत्तम. नाही लागला तर मुंबईतल्या ओळखीच्या कुणाला तरी आदल्या आठवड्यात तिथे पाठवा. वारांचा बोर्ड भिंतीवर असतो, त्याचा फोटो काढून आणायला पाच मिनिटं लागतात. एका तिकिटाचे पैसे आणि तीन दिवसांचा मुक्काम त्या फोटोने वाचतो.

रविवारी आणि सरकारी सुट्टीला ओपीडी बंद असते. सुट्टीनंतरचा पहिला दिवस आणि एकूणच सोमवार टाळता आला तर टाळा. गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी मी एकदाच गेलो आहे, पुन्हा जाणार नाही.

पिशवी

कापडी पिशवी घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद घामाने चिकटतात. जुने केसपेपर आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, ताजा सगळ्यात वर. एक्स-रे, सीटीच्या फिल्म दुमडू नका. गोळ्यांची नावं आठवत बसण्यापेक्षा चालू गोळ्यांची रिकामी पाकिटंच टाका पिशवीत. "पांढरी गोळी, सकाळची" एवढ्यावर जगातल्या कुठल्याही डॉक्टरला काही कळत नाही. आधार कार्ड, रेशनकार्ड आणि दोन्हीच्या झेरॉक्स. पेन. सुटे पैसे. पाणी, आणि पेशंटला काही खायचं असेल ते.

आणि माणसं दोन हवीत. एक रांगेत, एक पेशंटजवळ. एकटा माणूस पेशंटला बाकावर बसवून रांगेत उभा राहतो, तेवढ्यात तिकडून हाक येते, तो तिकडे धावतो आणि इकडची रांग जाते. दोघांचे फोन चार्ज असू द्या.

खिडकी : इथे मात्र घड्याळ

केसपेपरची खिडकी बहुतेक ठिकाणी सकाळी आठच्या सुमारास उघडते आणि अकराच्या आसपास कधीतरी बंद होते. नेमकी वेळ रुग्णालयागणिक वेगळी, ती विचारून घ्या. मुद्दा एवढाच, की खिडकी बंद झाल्यावर पलीकडचा माणूस कितीही चांगला असला तरी केसपेपर निघत नाही. म्हणून बाहेरगावच्यांनी सकाळी ओपीडी असेल तर आदल्या संध्याकाळीच येऊन राहावं. रात्रीच्या गाडीने येऊन तसंच रांगेत उभं राहायचा बेत गाडी वेळेवर आली तरच जमतो, आणि रात्रभर बसून आलेला पेशंट डॉक्टरांसमोर निम्मा मिटलेला असतो. ओळखीचं घर नसेल तर परळ-दादर भागात रुग्णांसाठी संस्था आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही त्यातली जुनी नावं. तिथे जागा मिळेलच असं नसतं, आधी चौकशी करा.

खिडकीवर नव्या आणि जुन्या पेशंटची रांग बहुधा वेगळी असते. उभं राहण्याआधी पुढच्याला विचारा. अर्धा तास उभं राहून "ही जुन्यांची लाइन आहे" हे ऐकण्यासारखा त्रास नाही. अनेक सरकारी रुग्णालयांत आता भिंतीवर क्यूआर कोड लावलेला दिसतो. पेशंटचं 'आभा' खातं असेल (14 आकडी आरोग्य क्रमांक, आधारवरून निघतो) तर तो कोड मोबाइलने स्कॅन करून टोकन मिळतं आणि नाव-गाव-पत्ता सांगत बसावं लागत नाही. खातं घरीच, गाडीत बसण्याआधी काढा. रांगेत उभं राहून ओटीपीची वाट बघणाऱ्याकडे मागचे लोक ज्या नजरेने बघतात, ती मी पाहिली आहे.

केसपेपर हातात आला की जागचं हलू नका. नाव, वय, विभाग वाचा. आमच्या एका आत्याचं आधारवर सुमन, केसपेपरवर सुमती झालं. ओपीडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे ऑपरेशन ठरलं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसवायचं म्हणून आरोग्यमित्राकडे कागद दिले आणि तिथे गाडी अडली. एका अक्षरासाठी तीन दिवस खेटे. खिडकीवरच सांगितलं असतं तर खोडून दुसरं लिहायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असतं.

योजनेचा विषय निघालाच आहे तर : आरोग्यमित्र म्हणजे योजनेतल्या रुग्णालयात योजनेच्या टेबलाशी बसणारा माणूस. भरती व्हायचं ठरलं की त्याच दिवशी त्याला भेटा. मंजुरी यायला वेळ लागतो, आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे गेलात तर तोही काही करू शकत नाही.

डॉक्टरांच्या दाराबाहेर : आता वाट

इथून पुढे घड्याळाकडे बघणं सोडा. दारावर नऊची वेळ लिहिलेली असली तरी डॉक्टर आधी वॉर्डात राउंड घेऊन येतात. रात्री भरती झालेला एखादा पेशंट बिघडलेला असतो, तो सावरल्याशिवाय राउंड संपत नाही. तुमचा माणूस त्या वॉर्डात असता तर डॉक्टरांनी त्याला सोडून ओपीडीत यावं असं तुम्हाला वाटलं नसतं.

बहुतेक ठिकाणी मामा किंवा मावशी केसपेपर गोळा करून टेबलावर लावतात. वॉर्डबॉयला मामा आणि आयाबाईंना मावशी म्हणायची इथली रीत आहे, तसंच म्हणा, कामं सोपी होतात. नर्सला सिस्टर. आपला कागद गठ्ठ्यात गेला की नाही हे एकदा बघून घ्या, आणि पुन्हा पुन्हा जाऊन "आमचा नंबर कधी?" विचारू नका. त्यापेक्षा हिशोब करा. अर्ध्या तासात किती पेशंट आत गेले ते मोजा, आपल्या पुढे किती आहेत ते मोजा. पाणी प्यायला किंवा लघवीला जायचं झालं तर शेजारच्याला सांगून जा. शेजारी बसलेला माणूस तीन तासांत बराच जवळचा होतो, डबाही पुढे करतो.

आता त्या जमातीबद्दल. "फक्त रिपोर्ट दाखवायचाय." हे वाक्य म्हणत हात दारात घालून आत शिरणारे तुम्हाला दिसतील. "नुसतं विचारायचंय" ही त्यांचीच चुलत भावंडं. एकदा मी एका रुग्णालयात बाकावर बसून मोजले : सकाळभरात अकरा जण. प्रत्येकाचं "फक्त" पाच-सात मिनिटांचं, कारण रिपोर्ट बघितल्यावर डॉक्टर गोळ्या बदलतात, गोळ्या बदलल्या की शंका निघतात. म्हणजे रांगेत बसलेल्यांचा तास-सव्वा तास गेला, आणि शेवटी ओरडा खाल्ला तो मामाने. रिपोर्ट दाखवणं हीच तपासणी असते. रांग लावा. काही ओपीडीत रिपोर्टसाठी दुपारची वेगळी वेळ असते, ती असेल तर तिचा फायदा घ्या.

आत गेल्यावर समोर पंचवीस-सत्तावीस वर्षांची मुलगी बसलेली असेल आणि तुमच्या बरोबरचे कुणी काका कुजबुजतील, "ही शिकाऊ आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवू." ती एमबीबीएस होऊन त्या विषयात पुढचं शिक्षण घेणारी निवासी डॉक्टर आहे, काल रात्री ती कदाचित झोपलेलीही नाही. सगळी माहिती तीच लिहून घेते, अडलं तर तीच सरांना किंवा मॅडमना विचारते. तिला डावललंत तर तुमची माहिती पुढे जाणारच नाही.

तिच्याकडे वेळ थोडा असतो. 2017 साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात 67 देशांतल्या अभ्यासांचा आढावा आला होता, प्राथमिक आरोग्यसेवेत पेशंट डॉक्टरसमोर सरासरी किती वेळ असतो त्याचा. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात 48 सेकंद. आपण यात कुठल्या टोकाला आहोत ते कुठल्याही ओपीडीत कळतं. म्हणून बाकावर बसल्या बसल्या तीन गोष्टी कागदावर लिहा : काय होतंय, कधीपासून, आणि कशाने वाढतं-कमी होतं. आमच्या काकूंना डॉक्टरांनी "काय त्रास?" विचारलं तेव्हा त्यांनी पुतण्याच्या हळदीपासून सुरुवात केली होती. गुडघ्यापर्यंत पोचेस्तोवर औषधं लिहून झाली होती, आणि छातीत धडधडतं हे सांगायचं राहूनच गेलं. मुख्य त्रास आधी. हळद नंतर, बाहेर आल्यावर.

राग येणार. चार तास बसून पुढची तारीख मिळाली की कुणालाही येईल. तो बाहेर चहाच्या टपरीवर काढा. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवर हात उगारणं किंवा तोडफोड करणं हा महाराष्ट्रात 2010 च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, भांडण झालं की ओपीडी थांबते, आणि त्या दिवशी बाकीचे शंभर जण तसेच परत जातात.

वाट पाहायचीच नाही असे प्रसंग

हे आधी लिहायला हवं होतं. छातीत दाबल्यासारखं दुखणं, ते हाताकडे-जबड्याकडे सरकणं, दरदरून घाम. अचानक तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं. श्वास न पुरणं. थांबत नसलेला रक्तस्राव. शुद्ध हरपणं. यातलं काहीही असेल तर केसपेपरची रांग नाही, ओपीडी नाही, वार नाही. सरळ कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीच्या उपचारांचा विभाग. ती चोवीस तास उघडी असते, कागदपत्रं मागाहून होतात. ओपीडीच्या रांगेत बसलेलं असताना असं झालं तरीही तेच : सिस्टरला मोठ्याने सांगा आणि स्ट्रेचर मागा, लाजू नका.

अर्धांगवायूच्या झटक्यात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात. हे तास झटका आल्यापासून मोजायचे, रुग्णालयात पोचल्यापासून नव्हे. म्हणून गावी असाल तर मुंबईची गाडी शोधण्यात ते घालवू नका. 108 ला फोन करा, जिथे मेंदूचा सीटी स्कॅन होतो अशा जवळच्या रुग्णालयात जा. झटका नेमका किती वाजता आला, किंवा माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ते लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि घरचे एकमेकांकडे बघत राहतात.

तपासण्या : पुन्हा घड्याळ

रक्त-लघवीचे नमुने घ्यायची वेळ सकाळचीच आणि मर्यादित असते. उपाशीपोटीची साखर म्हणजे किमान आठ तास पोटात काही नाही. पाणी चालतं. चहा चालत नाही, बिनसाखरेचा कोराही नाही. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिला घास घेतल्यापासून मोजायचे. नाश्ता करून गप्पा मारत बसलात आणि तिथून मोजायला लागलात तर आकडा चुकतो आणि औषधही त्या चुकलेल्या आकड्यावर ठरतं.

आमच्या मामीचं सांगतो. मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. तपासणीला उपाशी यायला सांगितलं होतं, म्हणून उपाशी आली. पण रोजच्या सवयीने सकाळी इन्सुलिन टोचून आली. साडेदहापर्यंत रांग. मी खिडकीपाशी होतो, मागे बघितलं तर मामीचे हात थरथरत होते, ब्लाउज घामाने भिजला होता आणि ती माझं नाव चुकीचं घेत होती. रांगेतल्या एका बाईने काही न विचारता पिशवीतून लिमलेटच्या गोळ्या काढल्या आणि चघळायला दिल्या, वर बाटलीतलं सरबत पाजलं. तिच्याही घरी मधुमेह होता, साखर एकदम उतरलीय हे तिने ओळखलं. दहा मिनिटांत मामी माणसात आली. तेव्हापासून माझ्या खिशात लिमलेट असतात. उपाशी यायचं त्या दिवशी इन्सुलिन, मधुमेहाच्या गोळ्या, बीपीची गोळी, थायरॉइडची गोळी यांचं काय करायचं हे आदल्या भेटीतच एकेक करून विचारा आणि केसपेपरवर लिहून घ्या. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कॅज्युअल्टी गाठा.

पोटाची सोनोग्राफी बहुधा उपाशीपोटी असते, ओटीपोटाची असेल तर लघवी भरलेली लागते. इथे घड्याळ आणि रांग यांचं भांडण होतं. सकाळी घरूनच दोन बाटल्या पाणी पिऊन आलात आणि नंबर बाराला लागला तर काय हाल होतात ते विचारू नका. आधी नंबर लावा, पुढे किती आहेत ते मोजा, मग पाणी प्यायला लागा.

एमआरआयला अंगावर धातू चालत नाही. बायकांची जोडवी वर्षानुवर्षं निघालेली नसतात, ती नंबर लागल्यावर मशीनच्या दाराशी निघत नाहीत. आदल्या रात्री साबणाचं पाणी लावून घरीच काढा. पेसमेकर किंवा शरीरात कुठली धातूची पट्टी, स्क्रू असेल तर तारीख घेतानाच सांगा. रंगद्रव्याचं इंजेक्शन देऊन सीटी करायचा असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम कळतं ती रक्ताची तपासणी) रिपोर्ट मागतात. तो नसेल तर तारीख पुढे.

खासगी दवाखाना असेल तर

फार वेगळं नाही, फक्त खुर्च्या बऱ्या असतात. अपॉइंटमेंट साडेसहाची मिळाली म्हणजे साडेसहाला आत जाल असं नाही, त्या सुमाराच्या गठ्ठ्यात तुमचं नाव आहे एवढाच त्याचा अर्थ. निघण्याआधी फोन करून "डॉक्टर आले का?" विचारू नका, "निघालेत, रस्त्यात आहेत" हे उत्तर ठरलेलं आहे. "आत्ता कितवा नंबर आत आहे?" हे विचारा. त्यावरून हिशोब लागतो. औषध कंपन्यांचे एमआर काळ्या बॅगा घेऊन बसलेले दिसतील, तेही मोजा. जाणं रद्द झालं तर कळवा, तुमच्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी नंबर लागतो. आणि पंधरा मिनिटं आधी पोचा, कारण हाक मारली तेव्हा तुम्ही नसाल तर कंपाउंडर तुम्हाला शेवटी टाकतो आणि त्याच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही.

पुढची तारीख

सगळ्यात जास्त हेलपाटे इथे होतात. मंगळवारी डॉक्टर म्हणतात, "पंधरा दिवसांनी या." गावचा सरळ माणूस बोटांवर पंधरा मोजतो आणि बुधवारी येऊन उभा राहतो. मराठीत आठ दिवस म्हणजे आठवडा आणि पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे, हे आपण सगळे बोलतो, पण तारीख काढताना विसरतो. डॉक्टरांच्या मनात पुढचा-पुढचा मंगळवार असतो, म्हणजे चौदावा दिवस. महिन्याचंही तसंच : महिन्याने म्हणजे बहुधा चार आठवड्यांनी, त्याच वारी. म्हणून खोलीतून बाहेर पडण्याआधी विचारा, "तारीख कोणती?" आणि ती आकड्यात लिहून घ्या. त्या दिवशी सुट्टी येते का ते कॅलेंडरवर बघा, येत असेल तर तिथल्या तिथे दुसरी मागा.

मग बाहेर सिस्टरकडे थांबून तीन गोष्टी पक्क्या करा : पुढच्या वेळी उपाशी यायचं का, कुठले रिपोर्ट तोवर हातात हवेत, आणि ते रिपोर्ट कुठल्या खिडकीवर, किती वाजेपर्यंत मिळतात. केसपेपरच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा. औषधं रुग्णालयाच्या फार्मसीतून घ्यायची असतील तर तीही खिडकी बंद व्हायची वेळ बघा, दुपारी जेवायला बसायच्या आधी.

परतीचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका. संध्याकाळची गाडी डोळ्यांसमोर असली की दुपारी दोन वाजता माणसं कासावीस होतात आणि "राहू दे, पुढच्या वेळी दाखवू" म्हणून नंबर दोनवर आलेला असताना उठून जातात. असं उठून गेलेल्या तिघांना मी पुन्हा दादरला उतरवून घेतलं आहे.